नळाचं पाणी निळं झालं तेव्हा

दर्शना, तुझी शेवटची बाटली माझ्या फ्रीजमध्ये आहे. दाराच्या खणात, लोणच्याच्या बरणीशेजारी. आमच्या अण्णांनी परवा विचारलं, हे कोकम सरबत कुणासाठी ठेवलंय? दर्शनाचं आहे म्हटल्यावर त्यांनी दार तेवढं हळू लावलं. तुला जाऊन आज एकोणीस दिवस झाले आणि आमच्या घरात फ्रीजचं दारसुद्धा तुझ्यासाठी हळू लावतात. मी आपटते.

रडून झालंय माझं. हॉस्पिटलच्या जिन्यावर रडले, दांडी गावात तुमच्या ओट्यावर रडले, कंपनीत बाथरूमचा नळ सोडून रडले. आता राग उरलाय आणि तो कुणावर काढायचा ते कळत नाही. रिक्षावाल्याशी भांडले, सुपरवायझरशी भांडले, कोथिंबिरीची जुडी शिळी निघाली म्हणून भाजीवालीशी भांडले. त्यांच्यापैकी कुणी काही केलं नव्हतं. केलंस ते तू, म्हणून तुलाच लिहितेय. वाचायला तू नाहीस, हेही तुझंच करणं.

उद्या सोमवार. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये पुन्हा बैठक आहे, प्रदूषण मंडळाच्या त्याच साहेबांसमोर. कारखाने ज्यात आम्ल सोडतात त्या नाल्याचा विषय पत्रिकेवर तिसरा आहे आणि त्याखाली तुझ्याबद्दल एक ओळ छापली आहे: मागील बैठकीतील प्रात्यक्षिक सदोष आढळल्याने सदर तक्रार निकाली काढण्यात यावी. तुझं नावही नाही त्यात. उद्या दुपारी चहाच्या आधी दोन मिनिटांत हे मंजूर होईल आणि तू खोटी होतीस हे कायमचं कागदावर चढेल. ते थांबवायचं माझ्या हातात आहे हे मला आठवड्यापूर्वी कळलं. तुला ते चार महिन्यांपासून ठाऊक होतं.

आपली ओळख पालघरच्या कॉलेजात झाली. पहिल्याच प्रॅक्टिकलला तू शेजारी उभी राहिलीस आणि मी नाक मुरडलं, कारण तुझ्या पिशवीला सुक्या बोंबलांचा वास येत होता. तू शांतपणे म्हणालीस, डब्याचा वास आहे, दुपारी स्वतःहून मागशील. मी मागितला. अण्णा कारखान्यात नोकरीला म्हणून साताऱ्याहून इकडे आले आणि बोईसरजवळच्या कुंभवलीत राहिले, तेवढ्यावरून तू मला जन्मभर सातारकर म्हणालीस. माझा जन्म बोईसरचा, सातारा मी लग्नकार्यापुरता पाहिलेला, पण तुझ्यापुढे काही चालायचं नाही.

तिसऱ्या वर्षी माझ्या हातून चुकीचं द्रावण पडलं आणि सगळ्या वर्गाचे आकडे बिघडले, ते आठवतं? सरांनी विचारलं तेव्हा माझी दातखीळ बसली. तू हात वर केलास आणि म्हणालीस, बाटली मी दिली, चिठ्ठी न वाचता. सर तुला आठवडाभर बोलत होते. मी तुला वडापाव खाऊ घातला, आभार मानले, आणि आपण विसरून गेलो. आभार मानायला नको होते मी. तेव्हाच कान पिरगाळला असता तर दुसऱ्याचं आपल्या अंगावर घ्यायची तुझी ही खोड मोडली असती.

तू पुढे शिकलीस, संशोधन केलंस आणि पालघरलाच शिकवायला परत आलीस. मी कारखान्याच्या लॅबमध्ये पीएच मीटर घेऊन बसले. त्या मीटरवरून तुझं-माझं किती वाजलं.

तुझं ते सोन्याचं पाणी तू पहिल्यांदा दाखवलंस तेव्हा मी हसले होते. सोनं आणि लाल? तू म्हणालीस, कण अतोनात बारीक केले की सोनं पिवळं राहत नाही. कण सुटे असले की पाणी लाल, एकमेकांना चिकटले की निळं. त्यात तू डीएनएचा धागा सोडायचीस. कुणाच्या शरीरातून काढलेला नव्हे, हव्या त्या अक्षरांचा बनवून मागवलेला; कुरिअरने एवढ्याशा नळीत यायचा आणि डोळ्यांना दिसायचाही नाही. पाणी साधं असलं की तो धागा सैल होऊन सोन्याच्या कणांना बिलगून राहतो, त्यांना राखतो. पाण्यात आम्ल आलं की तो आपली आपणच घडी घालतो आणि सोन्याला सोडून देतो. मग तू वरून मिठाच्या पाण्याचा एक थेंब टाकायचीस, अगदी मोजून. धागा राखणीला असेल तर सोनं तेवढं मीठ सोसतं. नसेल तर कण गोळा होतात आणि कोकमाचं जांभूळ होतं, जांभळाची शाई.

तुझ्या आईने ते पाहून विचारलं होतं की सोनं हाय तर कानातले का नाय करत याचे, आणि आपण तिघी पोट धरधरून हसलो होतो.

मी तुला म्हणायचे, एवढा खटाटोप कशाला, लिटमसची पट्टी बुडव की झालं. माझा मीटर घेऊन जा, दोन मिनिटांत आकडा देतो. तू चिडायचीस. तुझं म्हणणं, पट्टी तुमच्या एसी लॅबमध्ये ठीक आहे, दांडीच्या घरात ती आठ दिवसांत दमट होऊन वाया जाते. मीटर नेला की साहेब विचारतात, याची तपासणी कधी केली होती. पट्टीचा रंग दाखवला की म्हणतात, हा नारिंगी नाही, पिवळसर आहे. तुला वाद घालायला जागाच नको होती. लाल नाहीतर निळा, आणि तो कुठल्या आम्लतेला बदलायचा ते धाग्याची अक्षरं बदलून तू ठरवणार. आणि बाटली तुझ्या आईच्या कमरेला असणार. आई ओहोटीला खाडीत कालवं काढायला उतरते, पायांची चुरचुर होते, साहेबांना कळवलं तर ते तीन दिवसांनी येतात आणि तोवर पाणी दोन भरत्यांनी धुऊन गेलेलं असतं. पाय चुरचुरतात त्या क्षणाला तिच्या हातात बाटली पाहिजे, असं तू म्हणायचीस. मी म्हणायचे, खाडीत मीठ आहे, तुझं सोनं तिथे एक मिनिट टिकणार नाही. तू म्हणायचीस, ते पुढचं पुढे, आधी नाला सिद्ध करू, नाल्याचं पाणी गोडं आहे.

हा वाद आपण संपवला नाही. शेवटचं भांडलो तेव्हा तू म्हणालीस, सातारकर, तुला आकडा कळतो, तुला पाय कळत नाहीत. मी फोन ठेवला होता.

आता ती बैठक. मला तो दिवस आठवला की अजून कानशिलं तापतात. हॉल भरलेला. पुढे साहेब, त्यांच्या शेजारी कारखान्यांच्या वतीने बोलणारे एक गृहस्थ, मागे दांडीच्या बाया, नाल्यापलीकडचे शेतकरी. तू निळा पंजाबी ड्रेस घातला होतास. टेबलावर पांढरा कागद पसरून त्यावर काचेच्या छोट्या बाटल्या मांडल्यास, त्यांत सोन्याचं पाणी ओतलंस, मग एकेका बाटलीत नमुना आणि वरून मिठाचा तो मोजका थेंब. नाल्याचं पाणी टाकलंस आणि ते निळं झालं. बाया उठून उभ्या राहिल्या, कुणीतरी टाळीही वाजवली. मग तू म्हणालीस, आता याच हॉलच्या नळाचं पाणी टाकते, हे लालच राहील.

ते निळं झालं.

तू दुसऱ्या बाटलीत टाकलंस. तीही निळी. तिसरी निळी. तू खालचा ओठ चावलास, ते मी पाहिलं. ते गृहस्थ खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "म्हणजे मॅडम, आता नळातही ॲसिड आम्हीच सोडतो का?" सगळे हसले. आपली माणसंही हसली, हे मी विसरणार नाही. साहेबांनी विचारलं, याचं स्पष्टीकरण काय. आणि तू म्हणालीस, "माझी चूक झाली. द्रावण जुनं होतं."

द्रावण जुनं नव्हतं. ते तू आदल्याच दिवशी माझ्यासमोर केलं होतंस, आणि गाळलेलं पाणी मी माझ्या लॅबमधून आणून दिलं होतं. हे मला माहीत होतं. मी शेवटच्या रांगेत बसले होते, पंख्याखाली. माझा मॅनेजर दुसऱ्या रांगेत होता. मी उठून एवढंच म्हणायचं होतं की द्रावण कालचं आहे, बाटल्या बदलून पुन्हा करा. मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसले. हा राग माझा माझ्यावर आहे, पण तूही त्यात आहेस, कारण बाहेर आल्यावर तू मला एका शब्दाने विचारलं नाहीस. उलट म्हणालीस, बरं झालं तू बोलली नाहीस, तुझी नोकरी गेली असती. किती समजूतदार होतीस गं तू. भांडली असतीस तर मी आज माणसात असते.

त्यानंतर तू नीट बोललीच नाहीस. काय चुकलं ते सापडलं का विचारलं की म्हणायचीस, शोधतेय. कॉलेजात लोक आडून बोलायला लागले. दांडीत पोरं तुला बघून निळी मॅडम म्हणायची, तुझ्या आईच्या कानावरही ते गेलं. तू रविवारीसुद्धा पालघरला लॅबमध्ये जायला लागलीस. ताप आला तरी जात राहिलीस. आठ दिवस ताप अंगावर काढलास, गोळ्या खाल्ल्यास आणि गेलीस, आणि मला फोनवर सांगितलंस की सर्दी आहे. डेंग्यू आहे हे कळलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस काय करत होतात. मी जिन्यावर उभी होते, मला उत्तर माहीत नव्हतं.

उत्तर मला बाराव्या दिवशी मिळालं. मी दांडीला आले होते. पाहुणे पांगले होते, आणि तुझी आई मागच्या दाराने किनाऱ्यावरून येत होती. डोक्यावर टोपली. मला वाटलं मासळी असेल. टोपली खाली ठेवली तर आत तुझ्या बाटल्या, सगळ्या स्वच्छ, काचेतून आरपार दिसत होतं. म्हणाली, कॉलेजच्या हाएत ना, परत द्यायच्या, मग घान कशा द्यायच्या.

मी विचारलं, मावशी, कुठे धुतल्या?

"दर्यावर. रेतीनं घासल्या नि दर्याच्या पान्यानं खंगाळल्या. मागं पन मीच धुतलेल्या, त्या मिटिंगच्या आदल्या दिवशी. काळ्या-निळ्या झालेल्या, तिला वेळ नव्हता. गोडं पानी नाय लावलं हो एका बाटलीला."

शेवटचं वाक्य ती अभिमानाने म्हणाली. मला तुमच्या घरात इतकी वर्षं येऊन-जाऊन ते माहीत आहे. मासळीला गोडं पाणी लागलं की ती लवकर कुजते, म्हणून टोपली, पाटी, सुरी, जे काही चांगलं ठेवायचं ते समुद्राच्याच पाण्याने धुवायचं. तुझ्या आजीने आईला शिकवलं, आईने तुला. तुझ्यासाठी ती सगळ्यात चांगलं जे करू शकत होती ते तिने केलं. धुतलेल्या बाटल्या जाळ्यावर उलट्या वाळवल्या आणि तुझ्या खोक्यात रांगेने लावून ठेवल्या, आणि तू सकाळी घाईत तेच खोकं उचललंस. काचेवर वाळलेलं मीठ दिसत नाही. तुझ्या मोजलेल्या एका थेंबाच्या आधीच प्रत्येक बाटलीत समुद्राचं मीठ बसलेलं होतं. त्यात नळाचं पाणी काय, गंगेचं पाणी टाकलं असतं तरी निळं झालं असतं.

मी तिच्याकडे तुझी वही मागितली आणि पिशवीत घालून निघाले. रिक्षातच उघडली. बैठकीच्या दुसऱ्या दिवशीचं पान, तुझं ते तिरकं अक्षर: वापरलेल्या बाटल्या तशाच निळ्या. न वापरलेली एक उन्हात धरली, तळाला पुसट पांढरी रेघ. चाटून पाहिली. खारट.

चाटून पाहिली! प्रयोगशाळेतली बाटली. वर्गात पोरींना काहीही तोंडात घालू नका म्हणून ओरडणारी तू. मी रिक्षात मोठ्याने हसले आणि रिक्षावाल्याने वळून पाहिलं. मग खालची ओळ वाचली. 'आईला कळू द्यायचं नाही.'

म्हणजे तुला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. साहेबांना एक पत्र लिहायचं होतं की बाटल्यांत मीठ राहिलं होतं, पुन्हा संधी द्या. एवढंच. पण मग कुणीतरी विचारणार, मीठ कुठून आलं, बाटल्या कुणी धुतल्या. हॉलभर लोकांसमोर आईचं नाव यायला नको, तिला वाटायला नको की पोरीचं नाक आपण कापलं. म्हणून तू ते स्वतःचं कापून घेतलंस. आणि पुढची पानं वाचून तर मी वही आपटली. आईला एक वाक्य सांगायचं सोडून, की आई, या बाटल्यांना गोडं पाणी लाव, तू तीन महिने सोन्यालाच मीठ सोसायला शिकवत बसलीस. धागा आता नुसता बिलगून राहणार नाही, गंधकाची गाठ मारून सोन्याला कायमचा बांधायचा. मग मिठाने कण गोळा होत नाहीत, समुद्राचं पाणी टाकलं तरी लाल. आम्ल आलं की या कणावरचा धागा त्या कणावरच्या धाग्यात गुंततो, कण जवळ ओढले जातात, तेव्हाच निळं. पानांमागून पानं. फसलं, फसलं, पुन्हा फसलं. ताप एकशे एक, असंही एका कोपऱ्यात आहे, आकड्यांच्या शेजारी, जणू तोही प्रयोगाचाच भाग. शेवटच्या पानावर: हे टिकेल असं वाटतं. आईच्या पद्धतीने धुतलेल्या बाटलीत करून पाहायचं. आणि पुढे कोरं.

त्याच प्रयोगाची ती फ्रीजमधली बाटली, तू ॲडमिट होताना माझ्याकडे ठेवलेली. चालते की नाही हे तुलाही माहीत नव्हतं.

सहा दिवस मी ते मनात घेऊन फिरले. तू मला कसल्या पेचात टाकलंस ते बघ. तुझं नाव सोडवायचं तर तुझ्या आईला सांगायला हवं की चूक तिच्या हातून झाली. न सांगावं तर उद्या ती ओळ मंजूर होणार. पोर गमावलेल्या बाईला हे सांगायचं कोणत्या तोंडाने? तीन वेळा दांडीच्या रस्त्यापर्यंत जाऊन परत आले. तू केलंस तेच मी करत होते, हे कळलं तेव्हा स्वतःचीच किळस आली. काल शनिवारी अर्धा दिवस रजा टाकली, बर्फाच्या डब्यात बाटली घातली, वाटेत नाल्यावर थांबून एक नमुना भरून घेतला आणि आले.

तुझी आई ओट्यावर सुके जवळे निवडत होती. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं, सोपं करून, काही न गाळता. मीठ, नळाचं पाणी, वहीतली ओळ. ती निवडत राहिली. मला वाटलं ऐकलं नसेल. मग तिने सूप बाजूला ठेवलं.

"तिला म्हाईत होतं?"

हो म्हणाले.

"दुसऱ्याच दिवशी?"

हो.

"नि चार महिने माज्या हातचं जेवली, नि बोलली नाय." तिचा आवाज चढला. दर्शना, मला वाटलं होतं ती ढसाढसा रडेल. तू चार महिने ज्या रडण्याला घाबरलीस ते आलंच नाही. ती संतापली. "मी काय काचेची हाय? बाप बुडाला तवा तिला पाटीत घेऊन मासळी विकली मी बोईसरच्या बाजारात. मना चूक सांगायला भ्याली? मी गेले असते ना त्या हॉलात. सांगितलं असतं, बाटल्या मी धुतल्या, पोर खरी हाय. माज्या तोंडाला काय कुलूप होतं?"

मी मान खाली घालून ऐकत होते. तुझ्या वाटचं ऐकत होते. तू तिला जपलंस असं तुला वाटत होतं, आणि तिला कळत होतं ते एवढंच की पोरीने आपल्याला कच्चं समजलं. मग ती माझ्याकडे वळली.

"आनि तू? तू कुटं होतीस तवा?"

शेवटच्या रांगेत, म्हणाले. यापेक्षा लहान उत्तर मी आयुष्यात दिलेलं नाही. तिने उठून कोपऱ्यातलं खोकं उचललं, दोन बाटल्या काढल्या आणि किनाऱ्याकडे चालू लागली. मी मागे. ओहोटी होती, बरंच आत जावं लागलं. तिने वाळूने घासल्या, समुद्राच्या पाण्याने खंगाळल्या, पदराला न पुसता तशाच माझ्या हातात दिल्या. तळाला थेंब होते. म्हणाली, टाक.

मावशी, ही शेवटचीच आहे, आधी गोड्या पाण्याने धुतलेल्या बाटलीत करू, मी म्हणाले.

"तिनं काय लिवलंय?"

आईच्या पद्धतीने धुतलेल्या बाटलीत, असं तू लिहिलं होतंस. मी अर्धं सोन्याचं पाणी जपून ठेवलं, उद्यासाठी, आणि उरलेलं दोन बाटल्यांत ओतलं. एकीत तुमच्या घरच्या नळाचं पाणी टाकलं. दोघी बघत उभ्या राहिलो. पाणी पायांखालून रेती ओढून नेत होतं. लाल. मी शंभरपर्यंत मोजलं. लालच. दुसरीत नाल्याचं पाणी टाकलं, आणि ते वरून खाली, हळूहळू, निळं होत गेलं.

मग तुझी आई वाकली आणि लाल बाटलीत चूळभर समुद्र ओतला. मी ओरडलेच. तिने बाटली उन्हात धरली. लाल होतं, थोडं फिकट झालेलं, पण लाल. आपला तो जुना वाद तू जिंकलीस, खाडीत टिकणारं सोनं तू केलंस, आणि हे तुला तोंडावर सांगायची सोय तू ठेवली नाहीस. आईने धुतलेल्या बाटल्यांमुळेच ते झालं हेही खरं आहे. तेही तिला मीच सांगितलं. ती म्हणाली, मग मना सांगून पन करता आलं असतं ना. याचं उत्तर तुला आलं असतं का?

ती रडली ती त्यानंतर. बाटली हातात घेऊन, समुद्राकडे तोंड करून, आणि मध्येच थांबून तुला एक शिवी दिली. मला फार बरं वाटलं. एकोणीस दिवसांत तुझ्याशी कुणीतरी पहिल्यांदा खरं बोललं.

आज सकाळी तिचा फोन आला होता. उद्यासाठी आठ बाटल्या धुवून ठेवल्या आहेत. चार दर्यावर, तिच्या पद्धतीने, आणि चार गोड्या पाण्याने, साहेबांना दोन्ही दाखवायच्या, असं तिनेच ठरवलंय. बाटल्या कुणी धुतल्या ते ती स्वतः उठून सांगणार आहे आणि त्यात मध्ये बोलायचं नाही अशी मला ताकीद आहे. मी विचारलं, मी काय करू. म्हणाली, द्रावन कुनी केलं, पानी कुनी आनलं, ते तू सांग. नाव सांग तुजं. कंपनीचं पन सांग.

सांगणार आहे. अण्णांना बोलले. ते पेपरची घडी घालत म्हणाले, पुढच्या रांगेत बसायचं असेल तर लवकर जावं लागेल, मी सोडतो स्कूटरवर. मॅनेजर दुसऱ्या रांगेत असेल, माझ्या पाठीमागे. तू असतीस तर माझा हात दाबून म्हणाली असतीस, सातारकर, हळू बोल, तुझी नोकरी जाईल. मी हळू बोलणार नाही.